आकार, जागा आणि वेळ : प्रथिनांचा अभ्यास आजारांबद्दल काय सांगतो

पावसाळा सरत आला की गावोगावच्या पॅथॉलॉजी लॅबमधून एक रिपोर्ट हमखास हाती पडू लागतो : ‘डेंग्यू एनएस-१ पॉझिटिव्ह’. ताप येऊन जेमतेम एक-दोन दिवस झालेले असतात, शरीराची प्रतिपिंडं अजून रक्तात दिसण्याइतकी तयारही झालेली नसतात, तरी ही चाचणी आजार पकडते. तिला रक्तात सापडतं ते डेंग्यूच्या विषाणूचं एक प्रथिन. विशेष म्हणजे हे प्रथिन विषाणूच्या कणाचा भागच नाही. विषाणू आपल्या पेशीत शिरतो, पेशीची यंत्रणा त्याचा आरएनए वाचते, त्यावरून एनएस-१ बनवते आणि सहा-सहाच्या गटाने ते रक्तात सोडते. रिपोर्टवर नाव विषाणूचं असतं, पण ते प्रथिन घडवलेलं असतं आपल्याच पेशीने.

पेशीचं रोजचं काम, विषाणूचा संसर्ग आणि शरीरातला बिघाड हे तीन विषय आपण शाळेत वेगवेगळ्या धड्यांत शिकतो. गेल्या पाऊणशे वर्षांतल्या प्रथिनांच्या संशोधनाने या धड्यांमधल्या भिंती पाडल्या आहेत. प्रथिन नेमक्या आकारात घडणं, नेमक्या जागी पोचणं, नेमक्या वेळी कामाला लागणं आणि काम संपलं की मोडलं जाणं, या चार गोष्टींवर पेशीचं आरोग्य उभं असतं. आजार यांपैकी कुठल्या तरी पायरीवर सुरू होतो. विषाणू याच पायऱ्यांवर घुसखोरी करतो. औषधंही बहुतेक तिथेच काम करतात. या चौकटीत आज काय ठाऊक आहे, त्यातून रुग्णाच्या पदरात काय पडलं आणि काय पडायचं राहिलं, याचा हा आढावा.

साखळीतून आकार

आपल्या जनुकसंचात प्रथिनांच्या कृती लिहिलेली सुमारे वीस हजार जनुकं आहेत. पेशीतले रायबोसोम ती कृती वाचून अमिनो आम्लं एकामागून एक जोडत जातात; माणसाच्या पेशीत सेकंदाला साधारण पाच. अमिनो आम्लं वीस प्रकारची. काहींना पाणी मानवतं, काही पाण्यापासून दूर पळतात. काहींवर धन भार, काहींवर ऋण. साखळी तयार होता होताच ही ओढाताण सुरू होते. पाणी टाळणारे भाग आत दडतात, विरुद्ध भार जवळ येतात आणि साखळी घडी घालून एका विशिष्ट त्रिमितीय आकारात स्थिरावते.

इन्सुलिनची ५१ अमिनो आम्लं कोणत्या क्रमाने येतात हे फ्रेडरिक सँगर यांनी शोधलं आणि १९५८चं नोबेल मिळवलं. प्रत्येक प्रथिनाला ठरलेला क्रम असतो, हे त्यातून पहिल्यांदा पक्कं झालं. त्याच सुमारास केंब्रिजमध्ये जॉन केंड्र्यू आणि मॅक्स पेरुट्झ यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने मायोग्लोबिन आणि हिमोग्लोबिन यांचे आकार उलगडले. पुढे ख्रिश्चन अँफिन्सन यांनी रायबोन्यूक्लिएज हे १२४ अमिनो आम्लांचं विकर रसायनांनी पूर्ण उलगडून टाकलं. रसायनं काढून घेतल्यावर ते आपलं आपण पुन्हा घडी घालून कामाला लागलं. आकाराची सगळी माहिती क्रमातच असते, हा त्याचा अर्थ.

या वाटेवरचा एक मोठा टप्पा भारतात गाठला गेला. मद्रास विद्यापीठात गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी १९५४मध्ये कोलॅजनची तीनपदरी रचना मांडली. त्वचा, हाडं आणि स्नायूबंध ज्याच्या बळावर टिकतात, ते हे प्रथिन. १९६३मध्ये रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांनी एक आलेख प्रसिद्ध केला. साखळीतल्या शेजारच्या बंधांनी किती कोनात वळलं तर अणू एकमेकांवर आदळणार नाहीत, एवढंच तो सांगतो. जगात कुठेही प्रथिनाची नवी रचना मांडली गेली की ती बरोबर आहे का हे तपासायला आजही ‘रामचंद्रन आलेख’ काढतात.

क्रमावरून आकार ओळखण्याचं कोडं मात्र अर्धं शतक अडून राहिलं. २०२०मध्ये डीपमाइंड कंपनीच्या अल्फाफोल्ड प्रणालीने आकार ओळखण्याच्या स्पर्धेत असा पल्ला गाठला की तज्ज्ञही थक्क झाले. २०२२पर्यंत तिने वीस कोटींहून जास्त प्रथिनांच्या आकारांचे अंदाज सर्वांसाठी खुले केले. डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना यासाठी, तर डेव्हिड बेकर यांना नवी प्रथिनं रचण्यासाठी, २०२४चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

पेशीतलं काम आणि मोडणी

प्रथिनं काय करतात, या प्रश्नाला ‘जवळपास सगळंच’ हे उत्तर खरं आहे, पण त्याने फारसं काही कळत नाही. प्रथिन कशाला धरतं आणि केव्हा सोडतं, असं विचारलं की कामाचं स्वरूप उलगडतं. हिमोग्लोबिन फुप्फुसात ऑक्सिजन धरतं आणि स्नायूंपाशी सोडतं. धरताना त्याच्या चार साखळ्या किंचित सरकतात, त्यामुळे पुढचा रेणू धरणं सोपं जातं. विकर एखाद्या रेणूला अशा कोनात धरतं की जी रासायनिक क्रिया एरवी वर्षानुवर्षं झाली नसती ती क्षणार्धात होते. पेशीपटलातली ग्राही प्रथिनं बाहेर संप्रेरक धरतात आणि आतल्या बाजूला आकार बदलून निरोप देतात.

एका विकराची उणीव काय करू शकते, याचं मुंबईशी कायमचं जोडलेलं उदाहरण आहे. १९५२मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक असा रक्तगट नोंदवला जो तोवरच्या कुठल्याच गटात बसत नव्हता. तांबड्या पेशींवर ‘ए’ आणि ‘बी’ या खुणा जोडण्याआधी ‘एच’ नावाची शर्करेची पायाभूत खूण लागते. ती जोडणारं विकर या व्यक्तींमध्ये निकामी असतं. पायाच नसल्यामुळे ‘ए’ किंवा ‘बी’चं जनुक असूनही त्यांची खूण उमटत नाही. साध्या तपासणीत अशा माणसाचा गट ‘ओ’ भासतो. पण ‘ओ’ रक्तावर ‘एच’ खूण असते आणि या व्यक्तीच्या रक्तात तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं असतात. ‘ओ’ रक्त चढवलं तर जिवावर बेतू शकतं. म्हणून बॉम्बे रक्तगटाच्या रुग्णाला बॉम्बे रक्तगटाचंच रक्त लागतं आणि रक्तपेढ्यांना अशा दात्यांची यादी हाताशी ठेवावी लागते.

प्रथिन घडण्याइतकंच त्याचं मोडणंही महत्त्वाचं आहे आणि हे शास्त्रज्ञांच्या बरंच उशिरा ध्यानात आलं. पेशी नको असलेल्या प्रथिनाला युबिक्विटिन नावाचं छोटं प्रथिन चिकटवते. अशा खुणांची साखळी लागली की ते प्रोटिअझोम या यंत्रणेत ओढलं जातं आणि त्याचे तुकडे होतात. आरोन चिकानोव्हर, अव्राम हर्शको आणि अर्विन रोझ यांना या शोधासाठी २००४चं नोबेल मिळालं. पेशीचं विभाजनसुद्धा ठरावीक प्रथिनं ठरावीक क्षणी मोडली गेली तरच पुढे सरकतं. मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगावरचं बॉर्टेझोमिब हे औषध प्रोटिअझोमच अडवतं. या कर्करोगाच्या पेशी रात्रंदिवस प्रतिपिंडं बनवत असतात. मोडणी थांबली की बिघडलेल्या प्रथिनांचा साठाच त्यांना मारतो.

विषाणूची अपुरी शिदोरी

विषाणूकडे रायबोसोम नसतो, ऊर्जा बनवायची सोय नसते. त्याच्याजवळ असतो थोडा जनुकीय मजकूर आणि त्याभोवती प्रथिनांचं वेष्टन. १९३५मध्ये वेंडेल स्टॅन्ली यांनी तंबाखूच्या पानांवर रोग पाडणाऱ्या विषाणूचे स्फटिक मिळवले. १९५५मध्ये हाइन्झ फ्रँकेल-कॉन्राट आणि रॉब्ली विल्यम्स यांनी त्याच विषाणूचा आरएनए आणि वेष्टनाचं प्रथिन वेगवेगळं करून पुन्हा एकत्र मिसळलं, तर परीक्षानळीत आपोआप संसर्गक्षम विषाणू उभे राहिले. कणाची बांधणी प्रथिनांच्या आकारातच लिहिलेली असते, याचा तो पुरावा होता.

विषाणूचं किती थोडक्यात भागतं हे बघायला नागपूरकडे वळावं लागतं. १९६५मध्ये पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राच्या, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या, शास्त्रज्ञांना नागपूरजवळच्या चांदीपुरा इथल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात एक नवा विषाणू सापडला. गावाचंच नाव त्याला मिळालं. वाळूमाशीच्या चाव्यातून तो पसरतो. २००३मध्ये आंध्र प्रदेश आणि महाराष्ट्रात त्याच्या साथीने अनेक मुलांचे बळी घेतले. २०२४मध्ये गुजरातेत तो पुन्हा उसळला. मेंदूपर्यंत पोचून एखाद्या मुलाला एक-दोन दिवसांत बेशुद्ध करणाऱ्या या विषाणूजवळ प्रथिनं आहेत फक्त पाच. ‘एन’ आरएनएला गुंडाळून जपतं. ‘एल’ त्याच्या प्रती काढतं. ‘पी’ या दोघांना जोडून ठेवतं. ‘एम’ कणाला आकार देतं. ‘जी’ बाहेरच्या पृष्ठभागावर असतं, पेशीला चिकटतं आणि तिच्या पटलात आपलं वेष्टन मिसळून आत वाट करून देतं. बाकी सगळी सामग्री आपली.

एवढ्या तुटपुंज्या शिदोरीवर भागवायचं म्हणजे प्रत्येक प्रथिनाला अनेक कामं करावी लागतात. डेंग्यूचा विषाणू आपली दहाही प्रथिनं एकाच लांब साखळीत बनवून घेतो आणि मग ती साखळी कापतो. काही काप त्याचं स्वतःचं विकर घेतं, काही आपल्या पेशीतली विकरं घेतात. एचआयव्हीसुद्धा लांब साखळ्या घडवून नंतर कापतो. इन्फ्लुएन्झाच्या पृष्ठभागावर दोन महत्त्वाची प्रथिनं असतात. हिमॅग्लुटिनिन श्वासनलिकेच्या पेशींवरचं सायालिक आम्ल धरून ठेवतं. पेशीने विषाणूला आत घेतल्यावर भोवतालची आम्लता वाढते, तसं ते झटक्यात आकार बदलतं आणि दोन पटलं एकमेकांत मिसळतात. न्यूरामिनिडेज नेमकं उलट काम करतं : नवे विषाणू बाहेर पडताना तेच सायालिक आम्ल कापून त्यांना मोकळं करतं. एच१एन१ या नावातले ‘एच’ आणि ‘एन’ ते हेच. २००९मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूच्या धास्तीने तपासणी केंद्रांसमोर रांगा लागल्या, तेव्हा ज्या ऑसेल्टामिविरच्या गोळ्या दिल्या जात होत्या त्या न्यूरामिनिडेजच्या पकडीच्या जागेत बसून त्याला निकामी करतात.

विषाणूला आत येण्यासाठी आपल्या एखाद्या प्रथिनाची मदत लागते, हा त्याचा कमकुवत दुवा. एचआयव्हीला सीडी-४ सोबत बहुधा सीसीआर-५ हे ग्राही प्रथिन लागतं. ज्यांच्या सीसीआर-५ जनुकाच्या दोन्ही प्रतींमध्ये ३२ अक्षरं गळलेली असतात, त्यांना एचआयव्हीच्या बहुतेक प्रकारांची लागण होत नाही. करोनाच्या विषाणूने पकडलेलं एसीई-२ हे मुळात रक्तदाबाच्या नियमनात भाग घेणारं विकर. आपल्याकडच्या दुसऱ्या लाटेत पुण्याच्या विषाणू संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातल्या नमुन्यांमध्ये या विषाणूच्या काटेरी प्रथिनातले जे बदल नोंदवले, त्यात एक बदल पेशीची विकरं जिथे हे प्रथिन कापतात त्या जागेशेजारी होता. १२७३ अमिनो आम्लांच्या साखळीतली मोजकी अमिनो आम्लं बदलली आणि विषाणूचा फैलाव बदलला.

एका अमिनो आम्लाचा आजार

शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१०मध्ये एका तरुणाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी पाहून त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. १९४९मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी सिकलसेल हा ‘रेणूचा आजार’ आहे असं ठामपणे मांडलं. १९५६मध्ये व्हर्नन इन्ग्रम यांनी नेमका बदल दाखवला. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, एवढाच फरक. ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो आणि त्याला पाणी मानवतं. व्हॅलिन पाणी टाळतं. ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनच्या शेजारच्या रेणूवर एक खाच उघडी पडते आणि हे व्हॅलिन तिच्यात शिरतं. रेणूला रेणू जोडला जाऊन लांब ताठ तंतू होतात, पेशी वाकते, बारीक केशवाहिन्यांत अडकते. हाडं आणि सांधे असह्य ठणकतात, प्लीहा निकामी होते, लहान मुलं जंतुसंसर्गाला बळी पडतात.

नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भातल्या इतर अनेक जिल्ह्यांत या आजाराची पहिली चाचणी उपकेंद्रात किंवा शाळेतल्या शिबिरात होते. एका नळीत द्रावण घेऊन त्यात बोटातून काढलेलं थोडंसं रक्त मिसळतात. द्रावणातला एक घटक तांबड्या पेशी फोडतो, दुसरा हिमोग्लोबिनमधला ऑक्सिजन काढून घेतो. मग नळीच्या मागे काळ्या रेघांचा कागद धरतात. काही मिनिटांनी रेघा स्वच्छ दिसल्या तर सिकल हिमोग्लोबिन नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर ते आहे, कारण ऑक्सिजन गमावलेलं सिकल हिमोग्लोबिन विरघळलेलं राहू शकत नाही. शरीरात तांबडी पेशी ज्या गुणधर्माने वाकते, त्याच गुणधर्माने नळीतलं पाणी गढूळतं. व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे मात्र या चाचणीतून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. विजेच्या क्षेत्रात सिकल हिमोग्लोबिन नेहमीच्या हिमोग्लोबिनपेक्षा मागे राहतं, कारण व्हॅलिनमुळे त्याने ऋण भार गमावलेला असतो. पॉलिंग यांनी १९४९मध्ये हाच फरक पाहिला होता. तेव्हाची ती प्रयोगशाळेतली युक्ती आता जिल्हा रुग्णालयात पोचली आहे.

हा बदल माणसांत टिकून का राहिला, तेही आता कळलं आहे. अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं की बदललेल्या जनुकाची एकच प्रत असलेल्या वाहकांना मलेरियाच्या घातक रूपापासून संरक्षण मिळतं. पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाच्या पट्ट्यात राहिलेल्या समाजांमध्ये सिकलसेल अधिक दिसतो, तो यामुळे. यात कुणाच्या रक्ताचा कमीपणा नाही. लग्नं मोडतील या भीतीने रिपोर्ट लपवले जातात, तिथे हे पुन्हा पुन्हा सांगायला हवं.

चुकीची घडी आणि तिचा प्रसार

सिकलसेलमध्ये प्रथिन एकमेकांना चिकटतं. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये वेगळीच गोष्ट घडते. सीएफटीआर हे पेशीपटलातून क्लोराइड जाऊ देणारं १४८० अमिनो आम्लांचं प्रथिन. सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात ५०८व्या जागचं फेनिलअ‍ॅलनिन गळलेलं असतं. अशा प्रथिनाची घडी नीट बसत नाही, पेशीची तपासणी यंत्रणा त्याला नापास करते आणि पृष्ठभागावर पोचण्याआधीच मोडून टाकते. पृष्ठभागावर पोचलं असतं तर त्याने थोडंफार काम केलं असतं. २०१९मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या तीन औषधांच्या मिश्रणातली दोन औषधं त्याची घडी सावरतात आणि तिसरं ते उघडं ठेवायला मदत करतं.

मेंदूच्या आजारांत चुकीची घडी साचत जाते. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६मध्ये एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूत पाहिलेले थर आणि गुंते म्हणजे बीटा-अमिलॉइड आणि टाऊ ही प्रथिनं. पार्किन्सनमध्ये अल्फा-सिन्युक्लिन साचतं. सर्वांत धक्कादायक ठरली ती प्रायॉनची कथा. पापुआ न्यू गिनीमधल्या फोरे समाजात कुरू नावाचा जीवघेणा आजार मृतांचे अवयव खाण्याच्या अंत्यविधीतून पसरत होता. ती प्रथा थांबल्यावर आजारही ओसरत गेला. १९८२मध्ये स्टॅन्ली प्रुसिनर यांनी अशा आजारांचं कारण जंतू किंवा विषाणू नसून निव्वळ प्रथिन असतं असं मांडलं, तेव्हा अनेकांनी ते उडवून लावलं. १९९७मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आपल्या मेंदूत मुळात असलेलंच प्रथिन चुकीच्या आकारात आलं, की शेजारच्या नीट प्रथिनालाही आपल्यासारखं करतं. दुधात चमचाभर विरजण पडावं आणि सगळं दूध बदलावं, तसा हा फैलाव. फरक इतकाच की विरजणात जिवंत जीवाणू असतात, इथे आकाराखेरीज दुसरं काही नसतं.

अल्झायमरवर अमिलॉइड हटवणारी प्रतिपिंडं आता उपलब्ध आहेत. त्यांपैकी लेकॅनेमॅबच्या चाचणीत १८ महिन्यांत ऱ्हासाचा वेग प्लासिबोच्या तुलनेत २७ टक्क्यांनी कमी दिसला. काही रुग्णांच्या मेंदूत सूज आणि सूक्ष्म रक्तस्रावही झाले. थर हटले तरी आजार थांबत नाही, याचा अर्थ साचलेलं अमिलॉइड हा कथेचा एक भाग आहे. बाकीचे भाग शोधायचे आहेत.

जिथे तिन्ही वाटा मिळतात

पेशी, विषाणू आणि आजार यांचं नातं गर्भाशयमुखाच्या कर्करोगाइतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसतं. पी-५३ हे ३९३ अमिनो आम्लांचं प्रथिन डीएनएला इजा झाली की पेशीचं विभाजन रोखतं, गरज पडली तर पेशीला मरायला लावतं. माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांमध्ये त्याच्या जनुकात बिघाड सापडतो. गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणारे मानवी पॅपिलोमा विषाणूचे (एचपीव्ही) धोकादायक प्रकार मात्र या जनुकाला हातही लावत नाहीत. त्यांचं ‘ई-६’ प्रथिन पेशीचंच एक विकर जवळ ओढतं आणि पी-५३वर युबिक्विटिन चिकटवायला लावतं. पुढचं काम पेशीचा प्रोटिअझोम करतो. दुसरीकडे ‘ई-७’ हे प्रथिन विभाजनावर लगाम ठेवणाऱ्या आणखी एका प्रथिनाला निकामी करतं. पेशीची मोडणीची व्यवस्था तिच्याच राखणदारावर उलटवली जाते. हे सगळं वर्षानुवर्षं, काही लक्षण न दाखवता चालतं.

ही सावकाश चाल हीच आपली संधी आहे. ती कशी साधायची, याचा पुरावा मराठवाड्यातून जगाला मिळाला. तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये १९९९पासून ३० ते ५९ वयाच्या एक लाख तीस हजारांहून जास्त स्त्रियांचा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय त्यात सहभागी होतं. २००९मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने आणि त्यानंतरच्या उपचाराने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. खेड्यापाड्यातल्या त्या स्त्रियांच्या सहभागामुळे मिळालेला हा पुरावा आज जगभर वापरला जातो.

लसीचं तत्त्वही प्रथिनाच्या स्वभावातून आलं. या विषाणूच्या वेष्टनाचं ‘एल-१’ प्रथिन यीस्टसारख्या पेशीत बनवलं, तर त्याच्या ३६० प्रती आपोआप जुळून विषाणूसारखा पोकळ गोल तयार होतो. आत डीएनए नसतो, त्यामुळे संसर्गाचा प्रश्नच नाही. बाहेरचा आकार मात्र हुबेहूब, म्हणून प्रतिपिंडं नेमकी बनतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅक या लसीला २०२२मध्ये भारतात मान्यता मिळाली. ती याच तत्त्वावर चालते.

आकारावर बेतलेली औषधं आणि लसी

एचआयव्हीच्या साखळ्या कापणारं प्रोटिएज हे ९९ अमिनो आम्लांच्या दोन सारख्या साखळ्यांचं असतं. त्याची रचना १९८९मध्ये उलगडली आणि १९९५च्या डिसेंबरात सॅक्विनाविर हे पहिलं प्रोटिएजरोधक अमेरिकेत मान्य झालं. एकाच औषधाला विषाणू पटकन चकवतो. तीन औषधं एकत्र दिली की एकाच वेळी अनेक बदल जुळून येणं त्याला फार अवघड जातं. पण ती परवडणार कुणाला? २००१मध्ये मुंबईच्या सिप्लाने तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरला देऊ केला. त्याआधी त्याची किंमत दहा हजार डॉलरच्या घरात होती. आफ्रिकेतल्या लाखो रुग्णांपर्यंत उपचार पोचण्याची वाट त्यानंतर मोकळी होत गेली.

लसीत प्रथिन असणं पुरत नाही, ते योग्य आकारात असावं लागतं. हा धडा आरएसव्ही या तान्ह्या मुलांची फुप्फुसं गाठणाऱ्या विषाणूने फार मोठी किंमत घेऊन शिकवला. १९६०च्या दशकात अमेरिकेत फॉर्मलिनने निष्क्रिय केलेल्या विषाणूची लस तपासली गेली. लस घेतलेल्या मुलांना पुढे खरी लागण झाली तेव्हा त्यांचा आजार उलट तीव्र झाला आणि दोन बालकं दगावली. विषाणूला पेशीत शिरवणारं ‘एफ’ प्रथिन त्या लसीमध्ये मुख्यतः शिरून झाल्यानंतरच्या आकारात होतं. त्याविरुद्ध बनलेली प्रतिपिंडं विषाणूला थोपवू शकत नव्हती. २०१३मध्ये जेसन मॅकलेलन, बार्नी ग्रॅहम आणि सहकाऱ्यांनी शिरण्याआधीचा आकार उलगडला आणि प्रथिनाला त्या आकारात अडकवून ठेवण्याची युक्ती काढली. २०२३मध्ये वृद्धांसाठी आणि गर्भवतींना देऊन बाळांना वाचवणाऱ्या आरएसव्ही लसी आल्या. करोनाच्या काट्यात दोन जागी प्रोलिन घालून तो मूळ आकारात ताठ ठेवण्याची युक्ती याच संशोधकांच्या कामातून आली. फायझर आणि मॉडर्नाच्या लसींत ती होती, तशीच सीरमने भारतात बनवलेल्या कोव्होव्हॅक्समध्येही.

जे अजून हाती आलेलं नाही

अल्फाफोल्ड एका स्थिर आकाराचा अंदाज उत्तम देते. प्रथिनं मात्र हलतात, भागीदार बदलतात आणि त्यांच्यातल्या अनेकांच्या मोठ्या भागांना ठरलेला आकारच नसतो. पार्किन्सनमधलं अल्फा-सिन्युक्लिन असंच आहे. एका अमिनो आम्लाच्या बदलाने कोण किती आजारी पडेल, हेही आकारावरून थेट सांगता येत नाही. तोच सिकल बदल असलेल्या दोन भावंडांची प्रकृती वेगळी असू शकते, कारण गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन कुणाच्या रक्तात किती उरलं आहे यावर बरंच अवलंबून असतं.

हेच ज्ञान उपचारात उतरलं आहे. बीसीएल-११ए हे प्रथिन जन्मानंतर गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनचं उत्पादन दाबतं. २०२३च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्य झालेली कॅसजेव्ही ही जनुकात नेमका बदल करणारी क्रिस्पर उपचारपद्धती रक्ताच्या मूळ पेशींत त्याचा जोर कमी करते. अमेरिकेत तिची किंमत २२ लाख डॉलर आहे. हायड्रॉक्सीयुरियाची साधी कॅप्सूलही गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढवते आणि वेदनेचे झटके कमी करते. भारतात १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने सात कोटी लोकांच्या तपासणीचं आणि २०४७पर्यंत सिकलसेलच्या निर्मूलनाचं उद्दिष्ट ठेवलं आहे. तपासणीनंतर दर महिन्याला औषध, रक्ताची नियमित तपासणी आणि समुपदेशन मिळत राहिलं, तरच त्या मोहिमेला अर्थ आहे. चांदीपुरावर आजही मान्य लस नाही, नेमकं औषध नाही. त्याच्या ‘जी’ आणि ‘एल’ प्रथिनांविरुद्ध औषध शोधण्यात श्रीमंत देशांतल्या कंपन्यांना फायदा दिसणार नाही. ते काम इथल्याच प्रयोगशाळांनी, इथल्याच पैशाने करायचं आहे.

सिकलसेलचा दोष १९५६मध्ये सापडला आणि त्यावरचा क्रिस्पर उपचार यायला २०२३ उजाडलं. एचआयव्हीच्या प्रोटिएजची रचना उलगडल्यापासून औषध यायला सहाच वर्षं लागली. या दोन अंतरांमधला फरक केवळ विज्ञानाच्या अवघडपणाचा नाही. कोणाच्या आजारामागे पैसा आणि निकड उभी राहिली, याचाही तो हिशेब आहे. आता कुठल्याही प्रथिनाच्या आकाराचा अंदाज महाविद्यालयातल्या संगणकावर मोफत मिळतो. त्यामुळे कोणती प्रथिनं आधी अभ्यासायची हा निर्णय पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त आपल्या हातात आहे. गडचिरोलीतल्या मुलाच्या हिमोग्लोबिनला आणि चांदीपुराच्या पाच प्रथिनांना त्या यादीत वरची जागा मिळायला हवी, आणि ती देण्याची जबाबदारी इथली विद्यापीठं, इथल्या संस्था आणि इथलं सरकार यांची आहे.